पलंगाखालचा भुसा

सुजाता, बी-३०४: नमस्कार. एक विचारायचं होतं. गणपतीच्या आधी आम्ही नवीन पलंग घेतला, ४२ हजारांचा. बिलावर 'सागवानी डबल बेड' असं लिहिलंय. गेले चार दिवस केर काढताना डोक्याकडच्या पायाशी पिवळट भुसा दिसतो. पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. काल ह्यांनी टॉर्च मारून बघितलं तर आतल्या पट्टीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. दुकानदार म्हणतो, "दमट हवा आहे, रॉकेल लावा." कोणाकडे चांगल्या पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर आहे का?

पाटील, ए-१०२: सुजाताताई, रॉकेल अजिबात लावू नका. भुसा दाणेदार आहे की मैद्यासारखा?

सुजाता, बी-३०४: मैद्यासारखा. बोटाला चिकटतो.

पाटील, ए-१०२: मग हा भुंगा. वीस वर्षं लाकडाच्या धंद्यात काढली म्हणून सांगतो. भुंग्याची अळी आतून महिनोन्महिने पोखरत असते, बाहेर काही कळत नाही. भोक पडतं ते भुंगा बाहेर निघताना. म्हणजे पलंग तुमच्या घरी आला तेव्हाच कीड आत होती. तुमच्या घरातल्या ओलीचा काही संबंध नाही. आणि सागाच्या पक्क्या गाभ्याला हा भुंगा लागत नाही. कडेचं पांढरं, कच्चं लाकूड वापरलंय, नाहीतर ती पट्टी सागाची नाहीच.

नेने काकू, सी-२०१: सुजाता, पाटील सांगतायत तेच धर. आत्ता औषध मारलंस तर पुरावा जाईल, वर दुकानदार म्हणेल की तुम्हीच काहीतरी लावलंत.

प्रशांत, डी-४०३: पण बिलाखाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असतं ना?

सुजाता, बी-३०४: हो, लाल अक्षरात आहे. म्हणूनच मी गप्प बसले होते.

नेने काकू, सी-२०१: त्या ओळीला घाबरायचं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. रंग आवडला नाही, खोलीत मावला नाही, यासाठी हे कलम नाही. पण कीड लागलेलं लाकूड हा सरळ दोष आहे.

नेने काकू, सी-२०१: आणि फोनवर बोलणं आता बंद कर. आमच्या कपाटाचं दार नव्या घरात दुसऱ्याच महिन्यात लोंबायला लागलं. मी सहा महिने फोन करत राहिले. माणूस यायचा, बिजागरी आवळून जायचा. माझ्याकडे लेखी एक ओळ नव्हती. ते दार आजही दोन हातांनी उचलून लावावं लागतं. त्यानंतर मी मुंबई ग्राहक पंचायतीत, म्हणजे ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेत, जायला लागले. म्हणून कळकळीने सांगते, आजच लिही. कधी घेतला, किती पैसे दिले, भुसा कधी दिसला, फोनवर काय उत्तर मिळालं, आणि तुला काय हवंय: बदली पलंग की पैसे. पंधरा दिवसांची मुदत दे. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठव, तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाक.

प्रशांत, डी-४०३: काकू, आणि त्याने दाद दिली नाही तर? कोर्टकचेरीत वर्षं जातात.

नेने काकू, सी-२०१: वेळ लागतो, ते खोटं नाही. कायद्यात तीन महिने आहेत, मालाची तपासणी लागली तर पाच, प्रत्यक्षात जास्त जातात. पण आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तिथून नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. दुकान भिवंडीत असो की पुण्यात, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नकोस.

रोहन, ए-५०१: माझा सोफा ऑनलाइन घेतलाय, फोम महिन्यातच बसला. मलाही हेच लागू?

नेने काकू, सी-२०१: हो. शिवाय ऑनलाइन विक्रीच्या नियमांत तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. वेबसाइटवर त्याचं नाव शोध, चॅटवाल्याशी वाद घालत बसू नकोस.

सुजाता, बी-३०४: काकू, पत्र लिहायला घेतलंय. बिलाचा फोटो काढला. भोकांच्या शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवूनही काढले.

पाटील, ए-१०२: आज रात्री पायाखाली काळा कागद अंथरा. सकाळी त्यावर पडलेल्या भुशाचा त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासकट फोटो घ्या आणि भुसा पुडीत बांधून ठेवा. पट्टी कुठल्या लाकडाची आहे ते बघायला मी आठ वाजता येतो.

सुजाता, बी-३०४: या काका. स्टोरेजमधल्या गाद्या तोवर काढून ठेवते.