होंडा एटीसी २००एस चं इंजिन पहिल्यांदाच खोलतोय, सांगा जरा

मंडळी, इथे मिशिगनमध्ये १९८४ची एटीसी घेतलीय, तीनचाकी, फुगीर टायरवाली. चालू होते पण निळा धूर सोडते आणि चढावर दमते. पिस्टनच्या रिंगा गेल्या की व्हॉल्व्ह?

— आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघ, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत बघ, वाढलं तर रिंगा, नाही तर व्हॉल्व्ह.

— सिलिंडरचं हेड (वरचं झाकण) काढताना टायमिंग चेन तारेनं बांध आणि पिस्टन पिनचं लॉक (छोटी क्लिप) काढायच्या आधी क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या पेटीच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंब, माझं लॉक टुणकन आत गेलं, अख्खा रविवार गेला ते शोधण्यात. पिस्टनवरची 'इन' खूण इनटेककडेच (हवा-पेट्रोल आत येतं त्या बाजूला) ठेव हं.

— दादा, ऑइल टाकल्यावर वाढलं! आता बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मापूनच पिस्टन मागवतो.