डेन्व्हरचं विमान: पेट्रोल कमी की कॉक भलतीकडे?

दहाबाराचा पाना:
अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गेला. कॅलिफोर्नियात माँटरेजवळ त्याचं छोटं विमान समुद्रात कोसळलं. परवा आमच्या कट्ट्यावर एकाने निकाल लावून टाकला, ‘पेट्रोल न भरता उडाला, दुसरं काय होणार?’ मला हे पटत नाही.

त्याचं विमान लाँग-ईझी, म्हणजे दोन सीटचं, हौशी लोक घरी बांधतात तसलं. बर्ट रुटानच्या मूळ आराखड्यात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये. ज्याने हे विमान बांधलं त्याने तो नेऊन बसवला डाव्या खांद्याच्या मागे! स्टिक, म्हणजे विमान सांभाळायचा दांडा, उजव्या हातात. म्हणजे टाकी बदलायची तर स्टिक सोडा, खांद्याचा पट्टा सोडा, अंग डावीकडे ९० अंश वळवा, मग कॉक फिरवा. तपास करणाऱ्यांनी असं वळून पाहिलं, तर उजवा पाय आपसूक रडरवर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर, दाबला जात होता. आणि विमान तेव्हा जेमतेम पाचशे फुटांवर.

चेतक चालवलेल्यांनी आठवून बघा. गाडी रिझर्व्हला लावायला डावा हात सीटखाली घातला की हँडल किती डुलायचं?

पावशेर:
चेतकचा दाखला तुमच्यावरच उलटतोय, पानासाहेब. चेतकवाला निघताना झाकण उघडून, गाडी हलवून टाकीत डोकावायचा. इथे निघताना सोबत असलेल्या तंत्रज्ञाच्या अंदाजाने एका टाकीत निम्म्याहून कमी, दुसरीत पावाहून कमी. तरी डेन्व्हर म्हणाला, तासभरच उडणार आहे, भरायला नको. बरं, कॉक हाताला येत नाही हे त्याला माहीत होतं. त्याने आणि तंत्रज्ञाने व्हाइस ग्रिप पकड लावून कॉकचा दांडा लांबवायचा प्रयत्न केला, जमला नाही. एवढं कळल्यावर टाक्या भरून घ्यायच्या की नाही?

दहाबाराचा पाना:
ऑटोपायलटवर विमान सरळ धरून कॉक फिरवीन, असं तो म्हणाला होता. उंचावर जमलंही असतं कदाचित. आणि पेट्रोल बघायचं कसं? मापाच्या नळ्या सीटच्या मागे, त्यांवर खुणा नाहीत. तंत्रज्ञाने त्याला एक आरसा दिला. बिनखुणांची नळी, तीही आरशात. ह्याला मापक म्हणायचं?

उगाच एक:
वैद्यकीय प्रमाणपत्र दारूपायी गेलं होतं ना त्याचं? मग विषयच संपला.

पावशेर:
मी त्याच्या विरोधात बोलतोय, तरी हे नको. प्रमाणपत्र नव्हतं, खरं आहे. पण मृत्यूनंतरच्या तपासणीत दारूचा अंश सापडला नाही. त्याच्या नावावर २,७०० तासांहून जास्त उड्डाण होतं. म्हणून तर मला जास्त राग येतो. नवशिक्या असता तर सोडून दिलं असतं.

दहाबाराचा पाना:
ते तास दुसऱ्या विमानांवरचे हो. ह्या विमानाची ओळख आदल्या दिवशीची, अर्ध्या तासाची. डावीकडे गिअर असलेली गाडी वीस वर्षं चालवलेल्या माणसाला गिअर उजवीकडे असलेली जुनी बुलेट द्या, पहिल्या चौकात ब्रेक म्हणून काय दाबेल?

पावशेर:
अपघाताच्या तपासाचा अहवाल वाचा. कॉककडे वळताना लक्ष उडालं, नकळत उजवा रडर दाबला गेला, हे कारण. पेट्रोल न भरणं, हेही कारण. तुमचा कॉक, तुमच्या नळ्या, अपुरा सराव हे सगळं ‘हातभार लावणाऱ्या गोष्टीं’मध्ये.

दहाबाराचा पाना:
वाचलाय. पण त्याच अहवालात आहे की अवशेषांत तो कॉक अर्धवट फिरलेला सापडला. म्हणजे हात पोचला होता त्याचा. पायांमध्ये असता तर पुरताच फिरला असता.

पावशेर:
पोचला, मान्य. तो कॉक बसवणाऱ्यालाही मी सोडत नाही. पण भरू का म्हणून विचारणारा माणूस समोर उभा होता, त्याला ‘नको’ कोण म्हणालं?