मदत हवी आहे : यूके – घरभाड्याच्या मदतीला दोनदा कात्री कशी?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये, लंडनबाहेर राहते. नागरिकत्व आहे, तेव्हा व्हिसावर सरकारी मदत मिळत नाही वगैरे कृपया नको. पदरात दोन मुलं, मुलगी नऊ, मुलगा सात. केअर होमच्या किचनमध्ये आठवड्याला बारा तास काम, हातात सहाशे पौंडांच्या आसपास पडतात.

दोन बेडरूमचं भाडं 1,150. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कमी कमाईच्या घरांना दरमहा मिळणारी सरकारी मदत) भाड्यापोटी 950 धरतात, म्हणजे 200 कमी, कारण लोकल हाउसिंग अलाउन्स, म्हणजे भाड्याच्या मदतीची कमाल मर्यादा. आपल्या भागातल्या भाड्यांपैकी सगळ्यात स्वस्त 30 टक्के जिथे संपतात, तिथे रेघ (2011 आधी ती मधोमध होती!). एप्रिल 2024 नंतर हे दर गोठलेले आहेत. मालकाने मात्र भाडं वाढवलंच, एजंट म्हणतो मार्केट रेट.

इथवर कळलं. पण त्याच स्टेटमेंटवर खाली 'बेनिफिट कॅप' म्हणून आणखी 230 उणे आहेत. हे 200 आणि 230 एकच प्रकरण आहे का? मार्चमध्ये मुलगी दहाची होतेय, मग तीन बेडरूमचा दर लागतो असं मैत्रीण म्हणते, ते खरं का? आणि मॅनेजर तास वाढवून द्यायला तयार आहेत, पण पगार वाढला की क्रेडिट घटणार, मग त्यात काय हशील?

प्रतिसाद :
ताई, दोन्ही वेगळी आहेत. पहिली मर्यादा फक्त भाड्यावर. कॅप सगळ्यावर : तुमचा भाग, मुलांचा, भाड्याचा आणि चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा वेगळा सरकारी भत्ता) मिळून. लंडनबाहेर मुलं असलेल्या घराला वर्षाला 22,020, म्हणजे महिन्याला 1,835. 2023 पासून तेवढाच.

मैत्रीण बरोबर सांगतेय. दहाच्या आत भाऊ-बहीण एका खोलीत धरतात, मुलगी दहाची झाली की वेगळी खोली मोजतात. घर दोन बेडरूमचं असलं तरी दर तीनचा लागतो, फक्त खऱ्या भाड्यापेक्षा जास्त देत नाहीत. पण कॅप आहे तोवर ते वाढीव पैसे या हाताने देऊन त्या हाताने काढून घेतील. म्हणून आधी तास वाढवा.

2025-26 च्या दराने महिन्याची कमाई 846 (किमान वेतनाने आठवड्याला सोळा तास) झाली की कॅप लागतच नाही. पगार साडेआठशे धरला तर क्रेडिटमधून सुमारे 137 जास्त कापले जातील, पण कॅपचे 230 परत येतील. म्हणजे पगारही वाढला आणि क्रेडिटही नव्वदेक पौंडांनी वाढलं! मात्र बरोबर सोळा तासांवर थांबू नका. वर्षाचा पगार 10,000 च्या वर गेला की पेन्शनची वर्गणी आपोआप सुरू होते, आणि कमाई ती वजा करून मोजतात. दोन-चार पौंडांनी हुकलं तर कॅप पुन्हा बसेल. सतरा-अठरा तास मागा.

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत. तोवर कौन्सिलकडे (स्थानिक पालिका) भाड्याच्या जादा मदतीचा अर्ज टाका (मार्च 2026 पर्यंत तिला डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट म्हणत). हक्काचं नाही, त्यांच्या मर्जीवर आहे, पण कॅपवाल्यांना देतात. स्टेटमेंटचं ते पान आणि भाडेकरार जोडा. आणि मुलीच्या वाढदिवसानंतर युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये दोन ओळी टाकून खोल्यांचा हिशोब बदललाय का ते विचाराच.

धागाकर्ती :
पेन्शनचं डोक्यातच नव्हतं. मॅनेजरकडे अठरा मागते.