फळांच्या चवीवर बंदी : चोर सोडून संन्याशाला सुळी?

धूम्रवर्ण (धागाकर्ते) :

'निशिगंध' यांनी परवा येथे जो लेख लिहिला, त्याचा गाभा त्यांच्याच शब्दांत असा : "फळांच्या आणि मिठाईच्या चवी केवळ शाळकरी मुलांना गळाला लावण्यासाठी असतात. ज्या मोठ्या माणसाला खरोखरच सिगारेट सोडायची आहे, त्याला तंबाखूच्या चवीचे व्हेप (ई-सिगारेट) पुरते. त्याला स्ट्रॉबेरी कशाला हवी?" तेथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेले, म्हणून हा वेगळा धागा.

मला स्ट्रॉबेरी कशाला हवी ते सांगतो. मी एकोणीस वर्षे दिवसाला एक पाकीट ओढत होतो; अमेरिकेत न्यू जर्सीच्या थंडीत गॅरेजचे दार हातभर वर करून, अंगात जाकीट घालून. पहिले व्हेप घेतले ते शहाण्यासारखे तंबाखूच्याच चवीचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा सिगारेट पेटवली, कारण जिला विसरायचे तिचीच शिळी नक्कल दिवसभर तोंडात घोळत होती. मग दुकानदाराने स्ट्रॉबेरी-कस्टर्ड भरून दिले, आणि महिन्याभरात सिगारेटचा झुरका मला ओल्या राखेसारखा लागू लागला.

आता माझे यंत्र पाहा. मुठीत जेमतेम मावेल असे, वर द्रवाची काचेची टाकी, आत त्या द्रवाची वाफ करणारी तापती तार, म्हणजे कॉइल. ती दहा-बारा दिवसांनी बदलायची, नव्या कॉइलचा कापूस नीट भिजेपर्यंत थांबायचे, नाहीतर जळक्या कापसाचा असा ठसका बसतो की डोळ्यांतून पाणी येते. द्रवात निकोटिन मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम. नववीतला कोणता मुलगा हा संसार मांडील? मुलांनी जे उचलले ते २०१५ मध्ये आलेले जूल : पेन ड्राइव्हसारखे दिसणारे, लॅपटॉपला लावून चार्ज होणारे, ओढले की चालू, आणि निकोटिन मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम. दोष यंत्राचा, शिक्षा चवीला. न्यू जर्सीने २० एप्रिल २०२० पासून तंबाखूखेरीज सगळ्या चवींची व्हेप बंद केली, आणि त्याच काउंटरमागे मेंथॉल (पुदिन्यासारख्या थंडाव्याची) सिगारेट मात्र आजही राजरोस विकली जाते. मी डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियातून बाटल्या आणतो. सुळावर कोण गेले आणि काउंटरवर कोण बसले, ते तुम्हीच ठरवा.

निशिगंध :

माझ्या लेखातील एक वाक्य उचलून त्यावर आपण आपले आत्मचरित्र उभारलेत, तर माझेही थोडे ऐका.

२०१८ च्या शरदात माझा मुलगा दहावीत होता. त्याच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी ते जूल सापडले. पेटी उघडताच आंब्याचा वास आला. हापूसशी काडीचा संबंध नसलेला, स्वस्त शाम्पूसारखा वास. मी विचारले तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "आई, यात निकोटिन नसते, नुसता फ्लेवर असतो." तो खोटे बोलत नव्हता, त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. त्यात बसवायच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रव भरलेल्या छोट्या कुपीत, साधारण सिगारेटच्या एका पाकिटाइतके निकोटिन असते, हे आम्हा दोघांनाही नंतर डॉक्टरांकडून कळले. पुढचे चार महिने रात्री दोन वाजता उठून येरझाऱ्या घालणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या शाळेने स्वच्छतागृहांची बाहेरची दारे काढून टाकली होती, एवढी पाळी आली होती.

आपण एकोणीस वर्षे ओढून मग स्ट्रॉबेरीपाशी आलात. त्याने आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नव्हता, आणि तंबाखूच्या चवीचे पॉड त्याने पहिल्याच झुरक्याला थुंकून टाकले असते. २०१३-१४ च्या अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत, ई-सिगारेट ओढून पाहिलेल्या १२ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ८१ टक्क्यांनी सुरुवात चवीच्या द्रवानेच केली होती, आणि तेव्हा आपले ते जूल बाजारात आलेलेही नव्हते. मग दोष कोणाचा, यंत्राचा की चवीचा?

रसायनी :

दोघांच्याही मध्ये पडण्याचा धोका पत्करून थोडे रसायनशास्त्र. साधे निकोटिन अल्कधर्मी असते, त्यामुळे मात्रा वाढवली की घसा सोलवटून निघतो. म्हणूनच धूम्रवर्ण यांच्या टाकीत ३ मिलिग्रॅम आहे. जूलने त्यात बेंझोइक आम्ल घालून निकोटिन सॉल्ट केले. आम्लता वाढली, ठसका गेला, आणि ५९ मिलिग्रॅम लोण्यासारखे उतरू लागले. आंब्याने दार उघडले हे खरे, पण मुलाला आत कोंडून ठेवले ते त्या सॉल्टने.

तरीही चवींना निर्दोष म्हणू नका. 'खाद्यपदार्थांत चालणारा फ्लेवर' असे लेबल वाचून लोक निर्धास्त होतात. जे पोटात चालते ते फुप्फुसात चालेलच असे नाही. लोण्याचा स्वाद देणारे डायअसेटिल पॉपकॉर्नवर बिनघोर खाल्ले जात होते. मिसूरीतील पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांची फुप्फुसे त्याच्या वाफेने निकामी झाल्याचे २००० च्या सुमारास उघड झाले. कस्टर्डच्या चवीतही पुष्कळदा त्याच घराण्यातील रेणू सापडतात. धूम्रवर्ण, आपली बाटली कोणती म्हणालात?

खवचट पुणेकर :

एवढा काथ्याकूट कशासाठी चालला आहे ते कळत नाही. आमच्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला; उत्पादन, विक्री, जाहिरात, साठा, सगळे बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चव कोणती आणि यंत्र कोणते, हा प्रश्नच उरला नाही. अमेरिकेत राहून स्ट्रॉबेरीवर व्याख्याने देणाऱ्यांनी मायदेशाकडून काही शिकावे.

नलिनी_सोलापूर :

पुणेकर, आपण कोणत्या पुण्यात राहता? माझा भाचा तुमच्याच शहरात महाविद्यालयात शिकतो, आणि त्याच्या वसतिगृहात ब्लूबेरी-आइस मिळवायला त्याला दहा मिनिटे लागतात. बंदीने एवढेच साधले की त्या नळीत काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

आणि बंदीचेच म्हणत असाल तर आधी गुटख्याचे बोला. राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पहिल्या वर्षी टपरीवाल्याने काय केले? सुगंधी पान मसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, दोन्ही एकाच माळेला शेजारी-शेजारी. गिऱ्हाइकाने दोन्ही फाडायच्या आणि तळहातावर मिसळायच्या. वेलची, केवडा, गुलाब या चवी मुलांसाठी नव्हत्या असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल का? आमच्या गल्लीतील सातवीतली मुले आधी गोड सुपारी खायची आणि मग तीच पोरे दोन पुड्यांपर्यंत जायची. माझ्या आजीच्या मिश्रीला कोणी स्ट्रॉबेरी लावली नव्हती, तरी तिने साठ वर्षे ती दातांना लावली. पण ती तिला घरातल्या बायकांनी दिली, माझ्या गल्लीतल्या पोरांना पुडीने बोलावले.

खवचट पुणेकर :

ताई, धागा ई-सिगारेटचा आहे, मिश्रीचा नाही. प्रत्येक विषयात आजी आणल्याखेरीज आपला प्रतिसाद पुरा होत नाही, हे या स्थळावरील जुन्या सदस्यांना ठाऊक आहेच.

नलिनी_सोलापूर :

माझ्या आजीला जबड्याचा कर्करोग झाला होता. तिचे नाव मी हजार वेळा घेईन. आपल्याला जड जात असेल तर वाचू नका.

लेस्टरचा_बाबा :

दोन पुड्यांच्या हकिगतीवरून आठवले. येथे इंग्लंडात निकोटिनची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, टाकी २ मिलिलिटरची, आणि निकोटिन असलेली बाटली १० मिलिलिटरहून मोठी विकता येत नाही. मग दुकानदारांनी काय शोधले? मोठ्या बाटलीत बिननिकोटिनचा चवीचा द्रव, थोडी जागा मोकळी सोडून. शेजारी बिनचवीच्या निकोटिनची छोटी कुपी. घरी नेऊन ओतायचे आणि हलवायचे. सोलापूरच्या टपरीवाल्याला हे शिकवायला येथून कोणी गेले नव्हते, आणि त्याच्याकडून शिकायला येथूनही कोणी गेले नसेल. पुणेकरांनी विनाकारण नलिनीताईंवर घसरण्याऐवजी एवढे पाहिले असते तर बरे झाले असते.

मूळ प्रश्नाबद्दल : येथे सिगारेट सोडण्यासाठी व्हेप सरकारी आरोग्यसेवाच सुचवते. २०१९ मध्ये येथील ८८६ जणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, पॅच-च्युइंगगमवाल्यांपैकी ९.९ टक्के. त्यांना दिलेले यंत्र पुन्हा भरण्याजोगे होते, आणि चव ज्याने-त्याने आपल्या पसंतीने घ्यायची होती. यावर धूम्रवर्ण टाळ्या वाजवतील, म्हणून लगेच पुढचे सांगतो. त्या १८ टक्क्यांतील पाचांपैकी चार जण वर्षानंतरही व्हेप ओढतच होते.

मुलांचे म्हणाल तर, ११ ते १७ वयाच्या व्हेप ओढणाऱ्यांत एकदा वापरून फेकायची डिस्पोजेबल मुख्यतः वापरणारे २०२१ मध्ये आठ टक्क्यांच्या आसपास होते, २०२३ मध्ये ६९ टक्के. आमच्या बसथांब्याच्या मागच्या गटारात पावसाळी दिवशी गुलाबी-जांभळ्या नळ्या तरंगताना मी रोज पाहात असे. १ जून २०२५ पासून त्यांची विक्री बंद झाली. चवी मात्र सगळ्या जागच्या जागी आहेत.

धूम्रवर्ण :

लेस्टरच्या बाबांनी माझेच म्हणणे मांडले, शेपटाला खिळा ठोकून का होईना. आता अमेरिकेचा आकडा घ्या. फेब्रुवारी २०२० पासून एफडीएने (तेथील अन्न-औषध नियंत्रण संस्थेने) पॉडमधील तंबाखू आणि मेंथॉल सोडून बाकीच्या चवींवर कारवाई सुरू केली, पण डिस्पोजेबल त्यातून वगळली. हायस्कूलमधील ई-सिगारेट ओढणाऱ्या मुलांत डिस्पोजेबलवाले २०१९ मध्ये २.४ टक्के होते, २०२० मध्ये २६.५ टक्के. पॉडचे दार लावले, मुले शेजारच्या दारातून आत गेली. स्वस्त, सोपे, खिशात मावणारे यंत्र जेथे, तेथे मुले. माझ्या टाकीच्या वाटेला कोणीही आले नाही.

निशिगंध :

आकडा आपण दिलात, पण वाचलात उलटा. पॉड त्या वर्षी बाजारातून गेले नव्हते. तेच यंत्र, तेच सॉल्ट, तेच ५९ मिलिग्रॅम, तंबाखूच्या आणि मेंथॉलच्या चवीत कोणत्याही पेट्रोल पंपावर मिळत होते. मुलांना यंत्रच प्रिय असते तर ती तेथेच थांबली असती. त्यांनी यंत्र टाकले आणि चवीमागे गेली. २०२४ च्या पाहणीतही ई-सिगारेट ओढणाऱ्या शाळकरी मुलांपैकी ८७.६ टक्के चवीचेच ओढत होती. आपण ज्याला संन्यासी म्हणता, त्याच्या झोळीत काय आहे ते एकदा पाहा.

रसायनी :

निशिगंध यांचा वार बिनतोड वाटतो, पण त्याच्या आधीचे वर्ष आठवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये जूलने मँगो, फ्रूट, क्रेम आणि काकडी दुकानांतून काढून घेतले. मिंट, मेंथॉल आणि तंबाखू ठेवले. तेव्हा मुले चवीमागे दुसऱ्या यंत्राकडे गेली का? फारशी नाही. दहावी-बारावीच्या जूलवाल्यांत मिंट पहिल्या क्रमांकावर आला, आठवीतल्या मुलांनी तेवढा मँगो धरून ठेवला, आणि हायस्कूलमधील एकूण प्रमाण २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर चढले. म्हणजे त्या वर्षी मुलांनी चव सोडली आणि यंत्र धरले. पुढच्या वर्षी यंत्र सोडले आणि चव धरली. मिंटही नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला, तेव्हाच ती हलली.

थोडक्यात, त्यांना तंबाखूची चव नसलेले काहीही चालते, आणि ते ओढायला विनासायास असले पाहिजे. एक अट मोडली तर ती दुसरीकडे सरकतात. आजकालच्या 'आइस' चवींत तर पुदिनाही नसतो. नुसता थंडावा देणारे गंधहीन रसायन असते, घसा बधिर करायला. त्याला चव म्हणायचे की यंत्राचा भाग म्हणायचे, हे मलाच ठरवता आलेले नाही.

खवचट पुणेकर :

म्हणजे दोन्हींवर बंदी घाला. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो. (नलिनीताई, आजींबद्दल माहीत नव्हते. ते वाक्य मागे घेतो. वसतिगृहाचे मात्र मागे घेत नाही, कारण ते मी बोललोच नव्हतो.)

नलिनी_सोलापूर :

बोलला नव्हतात, कारण आपल्याला ते माहीतच नव्हते. असो.

निशिगंध :

रसायनी यांचे २०१८-१९ चे म्हणणे मला नाकारता येत नाही, कारण आमच्या घरीही तसेच घडले होते. मँगो मिळेनासा झाल्यावर दुसरे पॉड सापडले ते मिंटचे. मी त्या वेळी त्याचा विजय म्हणून हिशेब केला होता : निदान आता तो आंबा तरी नाही. तेव्हा, धूम्रवर्ण, आपले ते काचेच्या टाकीचे धूड माझ्या मुलाच्या कंपासपेटीत मावले नसते, एवढे मी मान्य करते. त्यापलीकडे नाही. आपल्या स्ट्रॉबेरीसाठी दुकानात वेगळी खोली, वयाचा दाखला, वाटल्यास डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. पेट्रोल पंपावर, चॉकलेटांच्या वर ती नको.

धूम्रवर्ण :

चिठ्ठीचे मला चालेल, जरी मेंथॉल सिगारेटला ती लागत नाही याचा राग जाणार नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, गेल्या वर्षी विमानतळावर माझी टाकी फुटली तेव्हा मीही एक डिस्पोजेबल घेतले होते. पीच-आइस. दोन दिवसांत मी ते झोपेतून उठून ओढू लागलो, जे मी सिगारेटच्या काळातही कधी केले नव्हते. घरी येऊन बायकोच्या हातात दिले आणि टाकी मागवली.

रसायनी, बाटली स्ट्रॉबेरी-कस्टर्डचीच आहे. तिच्यावर 'डायअसेटिलमुक्त' असे छापलेले आहे, पण कोणी तपासले ते छापलेले नाही. पुढच्या खेपेला नुसती स्ट्रॉबेरी आणीन.