विषय: दिवाळीचं पोकर आणि डावातली बडबड

प्रेषक: स्पर्धा समिती

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या पोकरला नियम मागच्या वर्षीचेच. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. एकच कलम नवं: डाव चालू असताना कोणी बोलायचं नाही. मागच्या वेळची शेवटच्या टेबलावरची भांडणं पुन्हा नकोत. हरकत असल्यास कळवा.

प्रेषक: दारव्हेकर (सध्या मुक्काम गावी)

समितीवाले दादा, माझी हरकत आहे. पोळ्याला गावी आलोय. करीच्या दिवशी इथे पत्ते निघतातच (आणि पैसे लावणाऱ्यांवर पोलिसांच्या धाडीही पडतात), म्हणून छपरीत सतरंजी टाकून भावांना होल्डेम शिकवलं (पोकरचाच प्रकार: प्रत्येकाचे दोन झाकले पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच उघडे). चिप्सच्या जागी चिंचोके. तुमचं कलमही लावून पाहिलं. मामा पत्ते टाकून बाजूला बसले होते. फ्लॉपवर, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत, दोन नव्व्या उघडल्या आणि मामांनी कपाळावर हात मारला. एक नव्वी त्यांनी फेकलीय, हे सगळ्या छपरीला कळलं. नव्वी असल्याचं सोंग आणून चिंचोके रेटणारा माझा भाऊ तिथंच उघडा पडला. मामांना म्हटलं, तर म्हणतात, "काऊन बे, मी एक शब्द तरी बोललो काय?"

तेव्हा तोंडं शिवून काही होणार नाही. थट्टा, टोमणे, सोयाबीनचा भाव, चालू द्या की; त्याशिवाय पत्त्यांना मजा कसली? डाव सोडलेल्यानं डावातल्याला काही कळू द्यायचं नाही, एवढं सांभाळा. धरा, फ्लॉपपर्यंत तुमचे चार बदाम झालेत; पाचवा आला की फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच. न दिसलेल्या 47 पत्त्यांत 9 बदाम, म्हणजे पुढचा पत्ता बदाम यायची शक्यता 19 टक्के. कोणी पुटपुटला, "माझे दोन्ही बदामच गेले," की 45 मध्ये 7, साडेपंधरा टक्के. हे ज्याच्या कामी आलं, त्यानं त्याचे चिंचोके कुठे मोजले?

पोकर स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमावलीतही हेच आहे: हातातल्या किंवा टाकलेल्या पत्त्यांची चर्चा नको, डाव संपेपर्यंत सल्ला आणि टीका नको, न उघडलेला हात (म्हणजे एखाद्याचे पत्ते) दुसऱ्यानं वाचू नये. एका हाताला एकच डोकं. मागे बसून "ठेव, ठेव" म्हणणारे काका त्यातच आले.

प्रेषक: एक जुना सभासद

मग 2006 चा पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट? 8,773 जणांत जेमी गोल्ड बडबडतच जिंकला, 1 कोटी 20 लाख डॉलर. हातातले खरे पत्तेही सांगून मोकळा व्हायचा.

प्रेषक: दारव्हेकर

काका, तो स्वतः डावात होता, स्वतःच्या चिप्स लावून. तरी त्याच्या बोलण्यावर वाद झालेच. दोघंच उरले असतील तर आपण चालवून घेऊ; तिसरा असेल तर स्वतःचेही पत्ते सांगायचे नाहीत. आणि आपली पाळी असताना "घे, लावले सगळे" म्हटलं की लागले. मग गंमत केली, हे ऐकायचं नाही.

प्रेषक: वहिनी

आमचे जावई तेलुगू. गेल्या वर्षी सगळं टेबल मराठीत, ते बिचारे नुसते चेहरे बघत बसले. अमेरिकेत बहुतेक कार्डरूममध्ये डाव चालू असताना इंग्रजीच बोलावं लागतं. ते कलम आपल्यात का नाही?

प्रेषक: दारव्हेकर

वहिनी, अगदी बरोबर. इथेही तेच झालं. तांड्यावरचे दोघे मित्र मधेच गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलायला लागले. चहाचंच चाललं होतं, पण समोरच्यानं काय समजावं? पोरं शहाणी, आपणहून वऱ्हाडीवर आली. जावई बसले असतील तर डाव संपेपर्यंत त्यांना कळेल तीच भाषा. पत्ते पिसताना घाला काय घालायचा तो मराठीत गोंधळ.

प्रेषक: स्पर्धा समिती

सुधारित कलम: डाव सोडलेल्यांनी आणि बघ्यांनी पत्त्यांबद्दल शब्दानं किंवा खुणेनं काही कळवू नये, टेबलावर सर्वांना समजेल तीच भाषा. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा पुढचा डाव बाहेर. फराळ शेजारच्या खोलीत मांडतोय. बघे आपोआप तिकडे जातील.