परिसर अभ्यासाच्या दोन तासिका : कुंपणाच्या आत, पण वर्गाच्या बाहेर?

बांधावरची (धागाकर्ती)

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाच्या आठवड्याला दोन तासिका वर्गाबाहेर व्हाव्यात, हे माझं म्हणणं. सहल नको, बस नको, किल्ला नको. शाळेच्या कुंपणाच्या आत, चाळीस मिनिटं, एक प्रश्न आणि एक मोजमाप. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मागतो. या तासिका मिळून त्यातले जेमतेम ४४ तास भरतात. म्हणजे भांडण साडेपाच टक्क्यांवरून आहे, हे आधीच सांगून ठेवते.

नुसतं मत टाकून पळत नाही, नमुन्याची तासिका देते. ऑगस्ट-सप्टेंबर, पावसाची उघडीप. पाच मीटर सुतळी, दर मीटरला गाठ, चार खुंट्या. चार मीटरमध्ये एक मीटर बाजूचा चौरस होतो, उरलेली बांधायला. एका चौरसाला चारच मुलं. पाचवं आलं की कुणाचा तरी पाय आत पडतोच. एक चौरस कडुनिंबाखाली, एक रोजच्या पायवाटेवर, एक कुंपणाच्या कडेला. प्रश्न एवढाच : तुमच्या चौरसात किती प्रकारची रोपं आहेत? नावं विचारायची नाहीत. प्रत्येक प्रकाराचं एक पान तोडून जुन्या वर्तमानपत्रावर मांडायचं. बारा-पंधरा मिनिटं पुरतात. हमखास होणारी चूक म्हणजे एकाच रोपाचं कोवळं आणि जून पान दोन प्रकार म्हणून मांडलं जातं. तिथे उत्तर सांगून टाकू नये. "ही दोन्ही पानं एकाच फांदीवर सापडतात का, बघून ये" एवढंच म्हणावं. मग वर्गात येऊन चित्रालेख. पायवाटेवर प्रकार इतके कमी का, हा प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायचा.

दोनशिक्षकी

ताई, चित्र छान आहे, फक्त त्यात एकच इयत्ता दिसते. पट साठपर्यंत असेल तर कायद्याने शिक्षक दोनच. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. एक जण प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. त्या दिवशी तुमच्या तीन चौरसांवर तीन ठिकाणी नजर कोण ठेवणार, आणि पहिलीची पोरं तेवढा वेळ काय करणार?

दुसरं जास्त महत्त्वाचं. चौथीत जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाला पहिला हक्क वाचनाचा आहे. शेतकऱ्याच्या पोराला टाकळा आणि कुर्डू वेगळे ओळखायला शाळा लागत नाही, ते आईमागे बांधावर फिरताना शिकतं. शाळेवाचून जे मिळत नाही ते शाळेने द्यावं : वाचन, लेखन, भागाकार. निसर्ग दुरावल्याचं दुखणं शहरातलं. औषध मात्र गावाला पाजायचं, हे कशासाठी?

ओळंबा

टाकळा ओळखणं ही माहिती झाली. टाकळा कुठे दाट आणि कुठे विरळ, ते मोजून लिहिणं हा अभ्यास झाला. पहिलं बांधावर मिळतं, दुसरं मिळत नाही.

पण माझी तक्रार धागाकर्तीकडेही आहे. बाहेरचे बहुतेक उपक्रम फसतात ते शिक्षकाने आधी स्वतः करून न पाहिल्यामुळे. सावलीची काठी घ्या. "दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान" असं सांगून काठी रोवली जाते आणि बारानंतरही सावली आखडतच राहते. मुलं बरोबर असतात, सर गडबडतात. आपलं घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, ८२.५ अंश रेखांशाचं, पुणे ७४ च्या जरा अलीकडे. पश्चिमेकडच्या एका अंशाला चार मिनिटं उशीर धरा. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात सूर्य माथ्यावरची रेषा ओलांडतो तो साधारण १२ वाजून ३३ मिनिटांनी, नागपुरात १२.१२ च्या सुमारास. वर्षभरात ही वेळ आणखी पाव तास मागेपुढे सरकते. म्हणून १२ ते १ दर दहा मिनिटांनी खूण करायची आणि सर्वांत लहान सावली मुलांनीच शोधायची. सलग तास बसायची गरज नाही, दोन मुलं जाऊन खूण करून येतात.

काठी जमिनीवर बरोबर ५० सेंटिमीटर. सरळ उभी आहे का ते दोऱ्याला दगड बांधून दोन बाजूंनी पाहायचं. काठी कलली की सगळी मापं चुकतात, आणि ते कळतही नाही. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या आसपास माध्यान्ही सावली ४५ सेंटिमीटर, २१ मार्चला १७. महिन्यातून एकदा मोजलं तरी तक्ता भरतो. सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या शून्य सावलीच्या मागे मात्र लागू नका. पुण्या-मुंबईत ती मे महिन्याच्या मध्यावर येते, तेव्हा सुट्टी. पुन्हा जुलैच्या शेवटी येते, तेव्हा ढग.

दोनशिक्षकी

ओळंबा, रेखांशाचं गणित मला आवडलं. पण ते तुम्हाला येतं म्हणून तुमची तासिका वसूल होते. ज्याला येत नाही त्याच्या हाती काठी दिली तर चुकीचं पक्कं होतं. मग परत वही-फळा बरा, तिथे चूक निदान पुस्तकात पाहून दुरुस्त करता येते.

आणि हे "बाहेर शिकणं" परदेशातून आलेलं खूळ आहे, हेही एकदा बोलून टाकतो.

लिंबोणी

परदेशातून? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तिथली कुरणशाळा काय होती मग? गुरं चारायला गेलेल्या मुलांच्या मागे शाळा कुरणात गेली होती.

दोनशिक्षकी

दाखला तुमचा, उपयोग माझा. कुरणशाळा कुरणात गेली कारण मुलं तिथे होती. गुरं सोडून ती वर्गात येऊ शकत नव्हती, म्हणून अक्षरं त्यांच्यापाशी नेली. आज मुलं वर्गात बसलेली आहेत आणि तुम्ही त्यांना बाहेर काढताय. दिशा उलटी आहे.

लिंबोणी

दिशा उलटी नाही, तत्त्व तेच : मूल जिथे आहे तिथून सुरुवात. आणि मुलांचे शब्द अंगणात सुटतात. विदर्भात "तरोटा" म्हणणाऱ्या पोराला पुस्तकात "टाकळा" दिसला की ते गप्प बसतं. रोप हातात घेऊन फळ्यावर दोन्ही शब्द लिहा, ते आपणहून वाचतं. वाचन मागे पडतं म्हणता, पण तिसरीतल्या मुलाला रोज दोन वाक्यं लिहायला लावणारं साधन सांगा म्हटलं तर मी अळी सांगेन.

कढीपत्ता किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर जुलै ते ऑक्टोबर अळ्या सापडतात. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. डिवचलं तर डोक्यामागून लालसर नारिंगी शिंग काढतात आणि उग्र वास सोडतात. अळी न उचलता फांदीच कापून आणायची. फांदी पाण्याच्या बाटलीत, बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा (बोळा नसेल तर अळ्या पाण्यात उतरून बुडतात). वर मच्छरदाणीचं कापड. झाकणाची बरणी अजिबात नको, आत दमट होऊन विष्ठेला बुरशी धरते आणि अळ्या मरतात. पानं रोज ताजी. कोष झाला की फांदी हलवायची नाही. कोषाखाली वीतभर मोकळी जागा हवी, नाहीतर बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेलेच वाळतात. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीन-चार आठवडे लागतात. रोज एका मुलाने लांबी मोजून दोन वाक्यं लिहायची. कधी कोषातून फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाशी निघते. तेव्हा "प्रयोग फसला" म्हणून बाटली फेकू नये. परिसरात कोण कोणाला खातं, हा धडा तिथेच सुरू होतो.

शेकरू हा राज्यप्राणी, हे उत्तर प्रत्येक पोराला पाठ आहे. अंगणातली खार कोणत्या झाडावर घरटं बांधते ते विचारा बरं.

पत्र्याखाली

वाद तात्त्विक चाललाय, मी जमिनीवर येतो. सापावर कुणी अजून बोललेलं नाही. शाळेच्या आवारात नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी काही निघणं ही नवलाची गोष्ट नाही. जागा ठरलेल्या असतात : टेकवून ठेवलेले जुने पत्रे, विटांचा ढीग, पोषण आहाराच्या चुलीसाठीची लाकडं, टाकीखालची ओल. तासिकेआधी शिक्षकाने काठी आपटत एक फेरी मारायची. या चार जागांपासून चौरस निदान पाच मीटर दूर. दगड उचलायचा तो काठीने, पलीकडची कड आधी वर, म्हणजे आतलं जे काही असेल ते आपल्याकडे न येता पलीकडे पळतं. चप्पल नसलेल्या मुलाकडे वही, गवतात जायचं नाही. सापाच्या विषावरची लस कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे ते जूनमध्येच विचारून भिंतीवर लिहायचं. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, अवयव हलू द्यायचा नाही, १०८.

सापापेक्षा रोजचा धोका कुंपणाचा आहे. मोगली एरंडाचं कुंपण असेल तर आधी त्याच्या बिया दाखवून सांगा. चवीला बऱ्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबाने दवाखान्यात पोचतात. रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळल्या की तिकडे फिरकायचंच नाही. कूस लागली तर चोळू नका, चिकटपट्टी दाबून उचला आणि कपडे बदला. विजांचा काळ जूनचा आणि परतीच्या पावसाचा, बहुधा दुपारनंतर. गडगडाट ऐकू आला की सगळे आत, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही.

हे सगळं एकट्या शिक्षकाला झेपतं का? चाळीस मुलांना नाही. वीस मुलांना, सवय लागल्यावर, झेपतं.

तिसरा मजला

शहराचं दुखणं म्हणालात, तर शहरातून लिहितो. मैदान नाही, आहे ती फरसबंदी. तरीही पाइपगळतीच्या भिंतीवर शेवाळ असतं, फरशीच्या फटीत मुंग्या असतात. साखर, मीठ, तेल, ओलं पीठ, चारही चिमूटभर, एका पुठ्ठ्यावर चार कोपऱ्यांत, दहा मिनिटं. कुठे किती मुंग्या, झालं काम. अडचण जागेची नसून गणवेशाला माती लागल्याच्या पालकांच्या निरोपांची आहे.

ओळंबा

दोनशिक्षकींना पटेल असा एक उपक्रम देतो, शिक्षक वर्गातून हलतही नाही. पर्जन्यमापक. सरळ बाजूंची दोन लिटरची बाटली, वरचं नरसाळं कापून उलटं बसवायचं. तळाचे खळगे खडे आणि सिमेंटने भरून सपाट करायचे, तिथून शून्य. नरसाळ्याच्या वरच्या तोंडाचा आणि बाटलीच्या अंगाचा व्यास सारखा असेल तर पट्टीवरचे मिलिमीटर म्हणजे थेट पाऊस. मोठं नरसाळं खोचलं की आकडा फुगतो, ही नेहमीची चूक. भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं. शाळा साडेदहाची असेल तर साडेदहाच, पण रोज तीच वेळ. सोमवारचा आकडा दोन दिवसांचा असतो, तसं लिहा. महिन्याची बेरीज, सरासरी, मागच्या आठवड्याशी वजाबाकी. हे गणितच आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, हा आकडा शेतकऱ्याच्या घरात चहाबरोबर बोलला जातो. पोरगं तो स्वतः मोजून घरी नेईल.

दोनशिक्षकी

हे घेतो. दोन मुलं, पाच मिनिटं, गणिताची तासिका. वर्ग रिकामा होत नाही. चौरस मात्र महिन्यातून एकदा, दोघेही शिक्षक हजर असतील त्या दिवशी, आणि शनिवारी. आठवड्याला दोन तासिकांना माझा विरोध कायम आहे.

परसबागेचं काय म्हणता? ती तर पोषण आहारासाठी लावा म्हणून वरूनच सांगतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेथी टाकली जाते, दिवाळीच्या सुट्टीत वाळून जाते, नोव्हेंबरात फोटोपुरती पुन्हा टाकतात.

बांधावरची (धागाकर्ती)

वेळापत्रकच चुकतं ते. जूनमध्ये भेंडी-गवार टोकायची, पहिला तोडा ऑगस्टमध्ये मिळतो. मेथी दिवाळीची सुट्टी संपल्यावरच. चार-सहा दिवसांत उगवते, महिनाभरात काढता येते, म्हणजे नाताळच्या आधी वाफा मोकळा. वाफा ९० सेंटिमीटर रुंद, त्याहून जास्त नाही. तिसरीच्या मुलाचा हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर ते वाफ्यात उभं राहतं. तीन मीटर लांबीला आठ-दहा ग्रॅम बी. मुलं मूठभर टाकतात, मग दाट उगवून रोपं कोलमडतात. बी बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्यापर्यंतच खाली. पाणी रोज दहा-बारा लिटर, म्हणजे एक बादली. शेळ्यांसाठी कुंपण आधी, बी नंतर.

दोनशिक्षकी

आणि रविवारची बादली?

बांधावरची (धागाकर्ती)

शनिवारी संध्याकाळी दोन बादल्या आणि वर वाळलेल्या गवताचं आच्छादन. हिवाळ्यात एक दिवस निघतो. लागून सुट्ट्या आल्या तर शाळेशेजारच्या घरातल्या मुलाकडे बादली द्यावी लागते, आणि पहिली जुडी त्याच्या घरी.