डेडिकेटेड सर्व्हरच्या पॅनलची नवी आवृत्ती: आत्ता घ्यावी की गणपती झाल्यावर?

कर्वेरोडकर:

नमस्कार मंडळी. आमची होस्टिंगची छोटी कंपनी आहे. ऑफिस कर्वे रोडला, मशिनं पिंपरीकडच्या एका डेटा सेंटरमध्ये, भाड्याच्या दोन रॅकमध्ये. साठेक डेडिकेटेड सर्व्हर (एका ग्राहकाला एक अख्खं मशिन). निम्मे डेल, बाकीचे सुपरमायक्रो, आणि त्यातले काही इतके जुने की आधी हात जोडायचे, मग रीबूट करायचे. ग्राहक म्हणाल तर टॅली चालवणारे सीए, क्लासवाल्यांच्या ऑनलाइन परीक्षा, साड्यांचं एक दुकान.

सगळा कारभार एका पॅनलवर चालतो. ग्राहकाचे पैसे आले की पॅनल स्विचवर व्हीलॅन (त्या ग्राहकापुरतं वेगळं जाळं) लावतं, मशिन नेटवर्कवरून बूट करून ओएस टाकतं, आयपी देतं, पासवर्ड मेल करतं. रीबूट, रीइन्स्टॉल, रेस्क्यू हे ग्राहक स्वतःच करतो. आता पॅनलची नवी मोठी आवृत्ती आली आहे. मशिन दुरून चालू-बंद करायला आयपीएमआय या जुन्या पद्धतीपेक्षा रेडफिश या नव्या पद्धतीला पहिली पसंती देणार, नेटवर्क बूटसाठी टीएफटीपी जाऊन आयपीएक्सई आणि एचटीटीपी येणार, डेबियन १३ चं टेम्प्लेट आलं, सेंटओएस ७ चं गेलं (ते जून २०२४ मध्येच संपलं, त्याबद्दल तक्रार नाही). शिवाय ग्राहकाने सर्व्हर सोडला की डिस्क आपोआप पुसली जाणार. डेटाबेसचं स्थलांतर एकतर्फी आहे, परत यायचं तर बॅकअप लावूनच.

सर म्हणतात, "एक बटण तर दाबायचंय." बटण दाबणारा मी असल्यामुळे विचारतो: अपडेट चालू असताना ग्राहकांची मशिनं बंद पडतात का? पॅनल आहे त्याच व्हीएमवर (आभासी मशिनवर) करावं की नवा उभा करावा? आणि जुन्या बोर्डांचं काय?

वाकड ब्रिज:

मशिनं बंद पडत नाहीत. पॅनल बाहेरून बघतं, ग्राहकाचा ट्रॅफिक त्यातून जात नाही. व्हीएमचा स्नॅपशॉट (आहे तशी प्रत) घ्या आणि दाबा बटण. फार तर तासभर ग्राफ दिसणार नाहीत.

जुना रॅकवाला:

वाकडकरांचं अर्धं बरोबर आहे. चालू मशिनला काही होत नाही. प्रश्न त्या वेळात रीबूट होणाऱ्या मशिनचा आहे.

तुमच्या मशिनांचा बूट क्रम बघितलाय का? पुष्कळ ठिकाणी नेटवर्क पहिलं आणि डिस्क दुसरी असं ठेवलेलं असतं, कारण रीइन्स्टॉल सोपं जातं. म्हणजे दर रीबूटला मशिन डीएचसीपीवर (आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) विचारणार, "माझ्यासाठी काही आहे का?" आणि पॅनल सांगणार, "नाही, आपल्या डिस्कवरून चालू हो." पॅनल बंद असेल तर मशिन वाट बघून कंटाळतं आणि डिस्कवर जातं. उशीर होतो, नुकसान नाही. पण पॅनल चालू आहे आणि त्याने चुकीचं उत्तर दिलं तर? स्थलांतरात एखादं जुनं, अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलचं काम 'बाकी' म्हणून पुन्हा जिवंत झालं, की सीएंचा सर्व्हर पहाटे पॅच लावून रीबूट होतो आणि समोर कोरी करकरीत डेबियन. लॉगिनचं पान उघडतंय, ग्राफ येताहेत, म्हणजे अपडेट झालं असं मी मानत नाही. या पॅनलच्या हातात डिस्क पुसायचा अधिकार आहे, तेवढी एकच वाट तपासण्यासारखी आहे.

म्हणून माझी पद्धत. नवा व्हीएम उभा करायचा, बॅकअप तिथे लावायचा, अपडेट तिथे करायचा. मात्र त्याचा डीएचसीपी बंद, स्विचचं खातं फक्त वाचण्यापुरतं आणि बीएमसीचं (बोर्डावरची मशिन दुरून सांभाळणारी चिप) खातंही तसंच. आधी त्याला नुसतं बघू द्या. कामांची यादी उघडा आणि काय काय 'बाकी' दाखवतंय ते डोळ्यांनी वाचा. जुनं पॅनल तोवर चालूच राहील. बदली करायच्या रात्री ग्राहकांचं रीइन्स्टॉलचं बटण लपवा, जुन्याचा डीएचसीपी थांबवा आणि मगच नव्याचा चालू करा. एकाच व्हीलॅनवर दोघांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली तर दोन सासवांच्या घरातल्या सुनेसारखी मशिनची गत होते.

त्याआधी जमेल तेवढ्या मशिनांचा क्रम बदलून डिस्क पहिली करा. इन्स्टॉलपुरता नेटवर्क बूट 'एकदाच' असा सांगता येतो. रेडफिशमध्ये त्याला 'वन्स' आहे, आयपीएमआयमध्येही सोय आहे. पण आयपीएमआयच्या दोन खोडी आहेत. एक, बूटची सूचना दिल्यावर साठ सेकंदांत रीबूटचा हुकूम गेला नाही तर बीएमसी ती सूचना विसरतो. दोन, यूईएफआय (बूटची नवी पद्धत) मशिनला सूचना देताना 'ईएफआयबूट' हा पर्याय लावला नाही तर काही बोर्ड लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीने उठायला जातात, आणि मग पडद्यावर काळोख.

जुन्या बोर्डांबद्दल. सुपरमायक्रोच्या एक्स९ च्या जमान्यातल्या बोर्डांवर रेडफिश नाही, तिथे आयपीएमआयच. पॅनलमध्ये दर मशिनला वेगळी पद्धत निवडता येते का ते विक्रेत्याला लेखी विचारा. दुसरी अडचण लोकांना उशिरा कळते: नव्या आवृत्तीबरोबर पॅनलखालचं लिनक्सही नवं येतं, ते एन्क्रिप्शनच्या टीएलएस १.२ च्या खालच्या आवृत्तीत बोलत नाही, आणि जुन्या बीएमसीला १.२ येतच नाही. लोक पासवर्ड बदलत बसतात आणि दोष असतो भलतीकडेच.

रेडफिश आलं म्हणजे सुरक्षित झालो, असंही नाही. आयपीएमआय २.० ची गोम अशी की ओळख पटायच्या आधीच बीएमसी समोरच्याला पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधता येतो) देऊन टाकतो. ते प्रोटोकॉलमध्येच आहे, फर्मवेअर बदलून जात नाही. रेडफिश २०१५ चं, एचटीटीपीएस आणि जेसनवालं, बरंच शहाणं. पण एएमआय कंपनीच्या मेगारॅक बीएमसीमधलं सीव्हीई-२०२४-५४०८५ हे सुरक्षेतलं भोक त्याच्याच दारात निघालं, पासवर्डाशिवाय आत. तीव्रता दहापैकी दहा. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ते प्रत्यक्ष वापरात असलेल्या भोकांच्या यादीत टाकलं. तेव्हा बीएमसीचं नेटवर्क वेगळं ठेवा, इंटरनेटला तोंड नको, पॅनल कितीही नवं असो.

डिस्क आपोआप पुसण्याबद्दल माझं मत: आत्ता बंद ठेवा. चार टीबीची फिरती डिस्क पूर्ण पुसायला सात-आठ तास लागतात, निदान धावत जाऊन केबल तरी काढता येते. एनव्हीएमई काही सेकंदांत साफ होते, 'अरेरे' म्हणेपर्यंत काम झालेलं असतं. पॅनल मशिन ओळखतं ते मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि स्विचच्या पोर्टवरून. कधी कोणी नेटवर्क कार्ड बदललं, मशिन खालच्या खणातून वरच्या खणात नेलं आणि नोंद केली नाही, तर पॅनल भलत्याचीच डिस्क पुसेल. बीएमसी सांगतो तो सिरियल, पॅनलमधला सिरियल आणि डब्यावरच्या स्टिकरचा सिरियल, तिन्ही जुळेपर्यंत हे चालू करू नये. स्टिकर वाचायला पिंपरीला जावंच लागेल. मोबाइलचा टॉर्च न्या, मागच्या बाजूला दिसत नाही.

आणि वेळ: गुरुवार नको, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते. डेटा सेंटरला जनरेटर असतो, तुमच्या घरच्या वायफायला नसतो. गणपतीत तर नकोच. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असताना पेठेतून पिंपरीला पोचून दाखवा.

हिंजवडी फेज दोन:

रॅकवाल्या काकांनी बहुतेक सांगितलंच. एक राहिलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश होस्टिंगवाल्यांनाही लागू आहेत: लॉग १८० दिवस, ग्राहकाची नोंदणीची माहिती त्याने सेवा सोडल्यावरही पाच वर्षं, सायबर हल्ल्यासारखी घटना कळली की सहा तासांत कळवणं. स्थलांतरात कोणता आयपी कधी कोणाकडे होता हा इतिहास नव्या डेटाबेसमध्ये येतो का ते बघा. अशा वेळी पॅनलं चालू नोंदी आणतात आणि जुन्या सोडून देतात. येत नसेल तर जुना व्हीएम बंद करून जपून ठेवा, डिलीट नको.

कर्वेरोडकर:

काका, फार आभार. नवा व्हीएम केला, डीएचसीपी बंद ठेवूनच. कामांच्या यादीत खरंच दोन जुनी इन्स्टॉलं 'बाकी' दिसली, दोन्ही सोडून गेलेल्या ग्राहकांची, आणि त्यातल्या एका मशिनवर आता क्लासवाले आहेत! रद्द केली. पिंपरीला जाऊन सिरियलही जुळवले. एक सुपरमायक्रो वेगळाच निघाला, त्याचा बोर्ड वॉरंटीत बदललेला होता. सरांना हे दाखवल्यावर 'एक बटण' हा शब्दप्रयोग थांबला आहे. आयपी इतिहास फक्त वर्षभराचा येतोय, म्हणून जुना व्हीएम राहणार.

एक अडलंय. चाचणीच्या डेलवर पीएक्सई (नेटवर्क बूट) मध्येच लटकतं. लिंकचा दिवा लागतो, पण डीएचसीपीची विनंती पॅनलपर्यंत येतच नाही. जुन्या सुपरमायक्रोवर, त्याच व्हीलॅनमध्ये, चालतं.

वाकड ब्रिज:

त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचं (जाळ्यातले फेरे टाळणारी स्विचची सोय) पोर्टफास्ट नसेल. पोर्ट तीस सेकंद कोणाला बोलू देत नाही, तोवर पीएक्सई दमतं.

कर्वेरोडकर:

पोर्टफास्ट आहे. डेलला दोन केबल, एलएसीपी बाँड (दोन्ही मिळून एकच जोडणी). सुपरमायक्रोला एकच.

जुना रॅकवाला:

मग तेच. बूट होताना मशिनला बाँड माहीत नसतो, ते एलएसीपी बोलत नाही, आणि समोरून उत्तर नाही म्हणून स्विच दोन्ही पोर्ट बाजूला ठेवतो. एका पोर्टला एकटं चालू द्यायची मुभा द्या. अरिस्टाच्या स्विचमध्ये 'एलएसीपी फॉलबॅक', जुनिपरमध्ये 'फोर्स-अप', सिस्को नेक्ससवर 'सस्पेंड-इंडिव्हिज्युअल' काढून टाकायचं. फोर्स-अप दोनांपैकी एकाच केबलला लावा, पीएक्सई ज्या कार्डावरून होतं तिलाच. आणि पॅनल स्विचची सेटिंग स्वतः लिहीत असेल तर हा बदल त्याच्या टेम्प्लेटमध्येही घाला, नाहीतर पुढचा ग्राहक आला की ते तुमची ओळ पुसून टाकेल.